एचआयव्ही नवीन निघालंय? मग वहीत रक्ताचा हिशोब लिहा, हिपॅटायटिस सी कुठून येतो ते समजेल

नवीन माणूस एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, येतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच शब्द फिरत असतो, एचआयव्ही. बाकी काही ऐकूच येत नाही. मला माहीत आहे कारण २००८ मधी मी पण तशीच बाकावर बसलेली होते, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली ती तशीच हातात धरून दोन तास. त्यामुळे हे जे लिहितेय ते आजच्या आज वाचून पाठ करायची गरज नाही. पहिले पंधरा दिवस जाऊ द्या, गोळ्या सुरू होऊ द्या, झोप थोडी लागायला लागली की मग एक संध्याकाळ शांतपणे वाचा, पण वाचा नक्की.

मी चोपडा तालुक्यातली. मालक आग्रा रोडवर ट्रक चालवायचे, ते गेले, मग माझं निघालं. गोळ्या नीट चालू, तब्येत चांगली, शेतात जायची, कापूस वेचायची, आणि ११ वर्षांनी म्हणजे २०१९ ला रूटीन तपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास आहे का ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं आलं. दोनदा आलं. काउन्सेलर ताईंनी विचारलं दारू घेता का, मी कधी थेंब घेतला नाही. मग हिपॅटायटिस सी ची तपासणी केली तर पॉझिटिव्ह. मी त्या दिवशी तिथेच म्हटलं, ताई, एक बिमारी कमी व्हती का? आज मी त्यातून पूर्ण बरी आहे, आणि सेंटरवर नवीन लोकांसोबत बसते, म्हणून हा लेख. डॉक्टर नाही मी, पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि काय सांगायचं हे मला आता चांगलं माहीत आहे.

पहिलं काम: हे आहे काय ते समजून घ्या

हिपॅटायटिस सी हा लिव्हरचा व्हायरस आहे आणि तो रक्तातून रक्तात जातो. बी वेगळा, सी वेगळा, आणि पावसाळ्यात घाण पाण्याने गावात कावीळ पसरते ती ए किंवा ई ची, तिचा याच्याशी संबंध नाही. १९८९ मधी हा व्हायरस ओळखता आला, त्याच्या आधी डॉक्टर लोक "ए नाही बी पण नाही" एवढंच म्हणायचे, आणि ज्यांनी शोधून काढला त्या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. बी ची लस आहे, सी ची लस नाही.

पण औषध आहे. आणि एचआयव्हीसारखं जन्मभराचं नाही, बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, आणि शंभरातले पंचाण्णव किंवा जास्तच लोक पूर्ण बरे होतात. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतेय कारण पुढचं वाचताना छातीत धडधड व्हायला लागते आणि लोक मधेच मोबाईल खाली ठेवतात.

वाईट गोष्ट अशी की हा व्हायरस गुपचूप बसतो. डोळे पिवळे होतीलच असं नाही, बहुतेकांना होतच नाहीत. थकवा येतो, पण उन्हात निंदणी करून कोणाला थकवा येत नाही? शंभर जणांना लागण झाली तर १५ ते ४५ जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, बाकीच्यांत राहून जातो, आणि वीस वर्षांत त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांचं लिव्हर सुकत जातं ज्याला सिरॉसिस म्हणतात. पोटात पाणी भरलं की मग माणूस धावतो.

आता एचआयव्ही असेल तर यात तीन गोष्टी बदलतात. एक तर आपोआप निघून जायचं प्रमाण कमी होतं, दुसरं म्हणजे लिव्हर लवकर खराब होतं, आणि तिसरं, दोन्ही व्हायरस यायचे रस्ते बरेचसे सारखे आहेत त्यामुळे एक असला की दुसरा असायची शक्यता वाढते. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१६ मधी हिशोब मांडला गेला त्यात असं दिसलं की एचआयव्ही नसलेल्यांपेक्षा असलेल्यांमधी हिपॅटायटिस सी सापडायची शक्यता सुमारे सहा पट आहे, आणि दोन्ही असलेले लोक तेव्हा साधारण २३ लाख होते, त्यातले अर्ध्यापेक्षा जास्त सुईने नशा करणारे.

दुसरं काम: वही घ्या

इथे जरा वेळ द्या. शंभर पानी वही, पेन, आणि घरात कोणी डोकावणार नाही अशी वेळ. लिहिता येत नसेल तर मोबाईलमधी बोलून रेकॉर्ड करा. प्रश्न एकच आहे: आजपर्यंत माझ्या अंगात दुसऱ्या कोणाचं रक्त कधी कधी गेलं असेल? डोळ्यांना दिसणारं नाही, सुईच्या टोकावर राहिलेलं पण मोजायचं. सिरिंजच्या आत हा व्हायरस किती दिवस जिवंत राहतो ते प्रयोगशाळेत तपासलंय, तर ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. दोन महिने! एचआयव्हीपेक्षा हा रक्ताच्या बाबतीत जास्त चिवट आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे "एवढ्याशा रक्ताने काय होतं" हा विचार मनातून जाईल.

आता एकेक आठवत जा.

रक्ताची पिशवी. बाळंतपण, सिझर, अपघात, गर्भपिशवीचं ऑपरेशन, कधीही रक्त चढवलं असेल तर वर्ष लिहा. वर्ष का, तर आपल्या देशात रक्तपेढीत हिपॅटायटिस सी तपासणं २००१ च्या सुमारास सक्तीचं झालं. त्याच्या आधी एचआयव्ही तपासायचे पण सी ची तपासणी सगळीकडे होत नव्हती, आणि १ जानेवारी १९९८ च्या आधी तर पैसे घेऊन रक्त विकणारे लोक पण होते, ते मग बंद केलं. माझं दुसरं सिझर १९९९ चं आहे, दोन बाटल्या चढवल्या होत्या, कुठल्या माणसाच्या होत्या देवाला माहीत. २००१ नंतरचं रक्त खूप सुरक्षित झालंय, पण ज्याला वारंवार चढवावं लागतं त्याचा धोका थोडा थोडा करत जमा होतो. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे कारण धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर सिकलसेल बरंच आहे, त्या लेकरांना रक्त लागतं, थॅलेसेमियावाल्यांना तर दर महिन्याला लागतं. डायलिसिसवर असलेल्यांनी पण हे पान भरायचं, कारण मशीन आणि नळ्या, औषधाच्या बाटल्या यातून लागण होऊ शकते.

सुई आणि सलाईन. खान्देशातल्या माणसाचं हे पान सगळ्यात मोठं भरतं असं मला वाटतं, आणि लोक सगळ्यात कमी सांगतात कारण त्यांना यात काही चुकीचं झालं असं वाटतच नाही. एप्रिल-मे मधी ४५ डिग्री उन्हात केळीच्या बागेत काम, चक्कर आली, गावातल्या डॉक्टरकडे गेलो, "सुई मारी द्या डाक्टर," एक सुई, एक सलाईन, शंभर दोनशे रुपये, बरं वाटलं. गोळी दिली तर आपल्याला डॉक्टरच कच्चा वाटतो. मी स्वतः अशी किती वेळा गेली असेल. लहानपणी तर काचेची सिरिंज असायची, स्टीलच्या डबीत उकळायला ठेवलेली, आणि गर्दी असली की उकळायची वाट कोण बघतं. नंतर प्लास्टिकच्या आल्या, पण ज्या दवाखान्यात मी जायची (नाव नाही घेत) तिथला कंपाउंडर सुई नवीन लावायचा आणि सिरिंज तीच ठेवायचा, आम्हाला वाटायचं सुई बदलली ना, झालं. नाही झालं. सिरिंज पण नवीन लागते. आणि एकाच औषधाच्या मोठ्या बाटलीत वापरलेली सुई परत घातली तर ती पूर्ण बाटली खराब होते, पुढच्या दहा जणांसाठी. शेजारच्या गुजरातमधी मोडासा भागात २००९ ला सिरिंज परत परत वापरल्याने हिपॅटायटिस बी ची मोठी साथ झाली होती आणि बरेच लोक गेले, बी आणि सी चा हा रस्ता एकच आहे.

म्हणून वहीत लिहा, कुठे कुठे सुया घेतल्या, अंदाजे किती, दात कुठे काढले (बाजारात खुर्ची टाकून बसणाऱ्याकडे काढले असतील तर ते खास लिहा). आणि पुढच्यासाठी नियम एक, पॅकेट माझ्या समोर फोडा. हे बोलायला लाज वाटते मला माहीत आहे, डॉक्टर रागावेल असं वाटतं, तर असं म्हणा, "डॉक्टरसाहेब, सेंटरवाल्यांनी सांगितलंय की नवीन पॅकेट बघूनच घ्यायचं." आमच्यावर ढकला खुशाल. आणि त्याहून चांगलं म्हणजे विचारा की गोळीने होईल का. बहुतेक वेळा होतं.

नशेची सुई. हा जगभरात मोठ्या रस्त्यांपैकी एक आहे. आपल्याकडे मणिपूर मिझोराम पंजाबसारखं नाही, पण मुंबई सुरतला कामाला गेलेली पोरं असतात, मेडिकलमधून घेतलेल्या दुखण्याच्या इंजेक्शनची सवय लागलेले असतात. सेंटरवर कोणी हे पटकन सांगत नाही. भाऊ, मी तुला काही म्हणणार नाही, तू फक्त एवढं ऐक की नुसती सुई नाही, ज्या झाकणात औषध कालवलं ते झाकण, जे पाणी घेतलं ते पाणी, जो कापूस लावला तो कापूस, या सगळ्यातून पण हिपॅटायटिस सी जातो. सुई वेगळी होती म्हणून आपण सुटलो असं धरून चालू नको. एकदाच, दहा वर्षांपूर्वी एकदाच घेतली असेल तरी लिही. सोडायचं असेल तर सरकारकडून जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, ब्युप्रेनॉर्फिन, त्यासाठी १०९७ वर फोन करून जवळचं सेंटर विचार, फोन फुकट आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही. जिममधी अंग वाढवायची इंजेक्शनं एकमेकांत घेणाऱ्या पोरांना पण हेच लागू आहे.

संबंध. याच्याबद्दल दोन्हीकडून चुकीचं बोललं जातं. नवरा-बायकोत नेहमीच्या संबंधातून हिपॅटायटिस सी लागणं फार कमी होतं, वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या जोडप्यांत पण क्वचित. पण "क्वचित" हा शब्द सगळ्यांना लागू नाही. जे पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात आणि ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांच्यात हा संबंधातून पसरतो हे २००० नंतर युरोपातल्या मोठ्या शहरांत स्पष्ट दिसलं. कारण असं की मागून संबंधात आतली कातडी सोलते, रक्त येतं, गरमीसारखा गुप्तरोग असला तर जखम आधीच असते, हात किंवा खेळणी वापरली तर इजा जास्त, नशा करून केलं तर लक्षातच येत नाही, आणि एकापेक्षा जास्त जण असले तर धोका वाढतच जातो. तृतीयपंथी बहिणींना पण हे तंतोतंत लागू. यात कोणाचं चांगलं वाईट ठरवायचं नाहीये, पण आपल्याकडे लग्न झालेले कितीतरी पुरुष हे कोणालाच सांगत नाहीत आणि मग काउन्सेलर फॉर्मवर "बायकोकडून" किंवा "बाहेर बाई" असं लिहून मोकळा होतो आणि सी ची तपासणी करायचं कारणच कागदावर येत नाही. तोंडाने बोलवत नसेल तर वहीचं ते पान उघडून काउन्सेलरसमोर ठेवा. एका दादांनी माझ्यासमोर तसंच केलं होतं, एक शब्द बोलले नाहीत, आणि काम झालं.

कंडोम दोन्हीसाठी चालतो. एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला असला की एचआयव्ही जोडीदाराला जात नाही हे खरं आहे, पण त्या गोळ्या हिपॅटायटिस सी ला थांबवत नाहीत, हा घोटाळा डोक्यात होऊ देऊ नका. बायकांनी पाळीच्या दिवसांत आणि जखम असताना जपावं.

आई. तुमच्या आईला होता का हे बहुतेकांना माहीत नसतं, पण तुम्ही स्वतः आई असाल किंवा होणार असाल तर हे वाचा. आईला फक्त हिपॅटायटिस सी असेल तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना जातो, सोबत एचआयव्ही असेल तर दहा-अकरा बाळांना, म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणून मूल हवं असेल तर आधी तपासून, आधी उपचार करून घेतलेला बरा, कारण गरोदरपणात सी च्या गोळ्या सहसा देत नाहीत. आईच्या दुधातून सी जात नाही, फक्त बोंडाला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस त्या बाजूचं पाजू नये. एचआयव्हीसाठी दूध पाजण्याचं मात्र सेंटरवाले सांगतील तसंच करायचं. बाळाची अँटीबॉडी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ते) तपासणी १८ महिन्यांनंतर करतात, त्याआधी आईच्याच अँटीबॉडी बाळात दिसतात आणि उगाच घाबरायला होतं. माझ्या धाकट्याचं मी त्याच्या १९ व्या वर्षी तपासलं. निगेटिव्ह आलं तेव्हा सिव्हिलच्या पायरीवर बसून रडली.

गोंदण, कान टोचणं, वस्तरा. सारंगखेड्याच्या यात्रेला, नाहीतर कुठल्याही जत्रेत मशीनवर नाव गोंदायला रांग असते. एकच सुई, एकच शाईची वाटी, समोरच्याचं रक्त पुसलं की पुढचा हात. माझ्या हातावर पण आहे, लग्नाच्या वर्षीचं. न्हाव्याकडे पत्ती नवीन टाकायला सांगा, हल्ली बहुतेक जण टाकतात. घरातले लोक जास्त विसरतात, एकाच दाढीच्या मशीनने बाप आणि दोन पोरं, एकच नेलकटर पूर्ण वाड्यात, बाहेरगावी गेलं की एकमेकांचा ब्रश. याने लागण होते ती सुईएवढी नाही, पण एचआयव्ही असलेल्या घरात हे असंही वेगळं ठेवायला पाहिजेच. जेलमधी राहून आलेल्यांनी ते पण लिहा, तिथे वस्तरा, गोंदण, सुई सगळंच वाटून वापरलं जातं.

काम. नर्स, वॉर्डबॉय, दवाखान्यातला कचरा उचलणारे सफाईवाले, प्रयोगशाळेतले. कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचलेली असेल तर तारीख लिहा. टोचल्यावर लगेच घ्यायची गोळी एचआयव्हीसाठी आहे, सी साठी तशी काही नाही, तपासणीच करत राहावी लागते.

वही पूर्ण झाली की दिसेल की एकच कारण सापडेल असं नाही. माझ्या वहीत तीन आहेत, १९९९ चं रक्त, ते सलाईन, आणि हातावरचं गोंदण. कशातून आलं ते मला कधीच कळणार नाही. सुरुवातीला त्यानेच जीव जळायचा, कोणावर राग काढू. नंतर डॉक्टर म्हणाले ताई हे कारण शोधायला नाही विचारत, तपासणी करायची की नाही आणि पुढे कुठून परत येऊ नये म्हणून विचारतो. हे मला पटलं.

आणि कशाने लागत नाही ते पण वहीच्या शेवटी मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा. एका ताटात जेवल्याने नाही, कळण्याची भाकरी तुम्ही थापली म्हणून नाही, खोकला शिंक मच्छर, मिठी, पापी, एक संडास, एक हंडा, कशाने नाही. माझं ताट वेगळं केलं होतं घरात, कानबाईच्या रोटाला पण मला बाहेर ओट्यावर बसवलं एक वर्ष. पुढच्या वर्षी काउन्सेलर ताई घरी आल्या, माझ्याच ताटातला घास खाल्ला सगळ्यांसमोर, तेव्हापासून बंद झालं ते.

तिसरं काम: तपासणी मागून घ्या

वहीत एक पण गोष्ट नसली तरी करायची. एचआयव्ही आहे एवढंच कारण पुरतं. सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. एआरटी सेंटरवर असं म्हणा, "माझी हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हीची तपासणी झाली आहे का, माझ्या कागदात बघून सांगा." झाली असेल तर तारीख वहीत लिहून घ्या, नसेल तर आजच करता येईल का विचारा. तिथे होत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून मागा, तोंडी सांगितलेलं आपण पायरी उतरेपर्यंत विसरतो.

तपासणी दोन टप्प्यांत असते आणि इथे खूप लोक फसतात. पहिली अँटीबॉडीची, किटवर होते. ती पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेला, आत्ता आहे की नाही ते तिच्यातून कळत नाही. दुसरी आरएनए ची म्हणजे सी चा व्हायरल लोड, ती सांगते आत्ता आहे का. पहिलीवर घाबरून गावाकडे पळून जाऊ नका, दुसरी करा.

उलटं पण होतं. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा, खूप कमी असेल तर शरीर अँटीबॉडी बनवतच नाही नीट, मग किटवर निगेटिव्ह येतं आणि व्हायरस आत असतो. नवीन निघालेल्यांत सीडी फोर कमी असतोच बऱ्याच जणांचा. तर तुमचा सीडी फोर २०० च्या खाली असेल आणि एसजीपीटी वाढलेलं असेल, किंवा वहीत मोठा धोका असेल, तर सरळ विचारा की आरएनए करता येईल का. नुकतीच लागण झाली असेल तरी अँटीबॉडी दिसायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्त पण. धोका चालूच असेल, म्हणजे सुईची नशा, किंवा पुरुषांसोबत कंडोमशिवाय संबंध, तर दरवर्षी करा.

चौथं काम: निघालं तर

आधी लिव्हर किती खराब झालंय ते बघतात, साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून, वय, प्लेटलेट आणि लिव्हरचे दोन आकडे घेऊन एक हिशोब काढतात. लिव्हर ठीक असेल तर सोफॉसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, सिरॉसिस सुरू झालं असेल तर सहसा सोफॉसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर, १२ आठवडे, काहींना २४. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची वर्षभर, त्याने लोक पार गळून जायचे, ते दिवस गेले. मला तर पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं तेवढंच.

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: एचआयव्हीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत (टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकच गोळी, असेल तर सोपं, एफाव्हिरेन्झवाली जुनी असेल तर सी चं औषध नाहीतर डोस बदलावा लागतो). टीबीचं औषध चालू आहे का, कारण रिफॅम्पिसिन असताना सी च्या गोळ्या देत नाहीत, ती सी च्या औषधाची ताकद पार कमी करते. ॲसिडिटीची गोळी रोज घेता का, तिखट शेवभाजी खाणारे आपण सगळेच घेतो, पण वेल्पाटासव्हिरसोबत ती नडते. आणि बी ची तपासणी झाली आहे का. हे फार महत्त्वाचं, कारण बी दबून बसलेला असेल तर सी गेल्यावर तो उसळी मारू शकतो. टीएलडीमधली दोन औषधं बी ला पण दाबून ठेवतात, म्हणून सी चं औषध चालू आहे म्हणून एआरटी बंद करायची, असं मनाने अजिबात करू नका.

महूची असो, गावठी असो, इंग्लिश असो, दारू बंद. कावीळ उतरवून आणणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं काढणारे, डाग देणारे, झाडपाल्याचा काढा देणारे, सगळे प्रेमाने सांगतील आणि सासू-सासरे पण नेतील. काढा तर घेऊच नका, आधीच थकलेल्या लिव्हरवर अजून काय पडतंय ते कोणाला माहीत नसतं. माझ्यासोबत बाकावर बसणाऱ्या एका आबांनी आठ महिने काढ्यात घालवले, आले तेव्हा पोट फुगलेलं होतं.

पाचवं: बरं झाल्यावर

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी परत आरएनए करायचा. तो निगेटिव्ह आला म्हणजे बरे झालात. तो कागद लॅमिनेट करून ठेवा, कारण अँटीबॉडी जन्मभर पॉझिटिव्हच राहते आणि उद्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी कोणी किट लावली की परत गोंधळ, "तुम्हाला तर सी आहे." माझं हर्नियाच्या वेळी तेच झालं, तो कागद दाखवला तेव्हा पुढे सरकलं. एचआयव्ही असल्यामुळे कोणी उपचार नाकारत असेल तर २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, भेदभावाला त्यात बंदी आहे, तसं शांतपणे सांगा आणि काउन्सेलरला फोन लावा.

आणि एकदा बरा झाला म्हणजे परत होत नाही असं नाही. देवीच्या लसीसारखं कवच याचं मिळत नाही, वहीतला रस्ता उघडाच राहिला तर परत येतो, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पण. सिरॉसिस झालेलं असेल तर व्हायरस गेल्यावर पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, लिव्हरच्या कॅन्सरवर नजर ठेवायला. बी ची लस घेतलेली नसेल तर ती लावून घ्या, फुकट मिळते का सेंटरवर विचारा. घरात रक्त सांडलं तर हातात पिशवी घालून, एक भाग ब्लीच दहा भाग पाणी करून पुसा.

पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला याल तेव्हा वही सोबत आणा, एआरटीच्या पुस्तकासोबत एकाच पिशवीत. बाकावर मी असेन तर माझ्याशेजारी बसा, लिहायचं राहिलेलं तिथेच लिहू.